कुकरचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उडतोय? नवा बसवण्याआधी एवढं तपासा

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की बहुतेक घरांत ठरलेला क्रम असतो. भांड्यांच्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह येतो, बसवला जातो, कुकर पुन्हा गॅसवर चढतो. महिन्याभरात तोही उडतो. मग दोष व्हॉल्व्हला, दुकानदाराला, नाहीतर ‘हल्ली मालच असा येतो’ म्हणून सगळ्या जमान्याला. माल खराब निघू शकतो, नाही असं नाही, पण एकामागून एक व्हॉल्व्ह उडत असतील तर ते आपलं काम चोख करतायत असंच धरून चालावं. व्हॉल्व्ह उडतो तो मुख्यतः दोन कारणांनी: आतलं पाणी संपलं, किंवा शिट्टीकडे जाणारी वाट बंद झाली. यातलं कोणतं झालं हे न शोधता नवा व्हॉल्व्ह लावणं म्हणजे फ्यूज का जातो ते न बघता जाड तार बांधण्यासारखं आहे.

वाफ कुठून निघते

घरगुती कुकरची शिट्टी चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाबाला उचलली जाते. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा. एवढ्या दाबाखाली पाणी 100 ऐवजी 120-121 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. दाब त्याच्या पुढे जाऊ लागला की शिट्टी उचलते, वाफ सोडते आणि परत बसते. कुकर ठीक असेल तर वाफेला ही एकच वाट पुरते.

दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. बहुतेक कुकरमध्ये व्हॉल्व्हच्या मधोमध लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तो वितळतो आणि भोक मोकळं होतं. म्हणजे हा व्हॉल्व्ह दाब मोजत नाही, उष्णता ओळखतो. शिट्टीची वाट बंद असेल तर दाबाबरोबर तापमानही चढतं: 120 अंशांना जो दाब 1 किलो होता तो 140 अंशांना अडीच किलोंच्या पुढे जातो. पाणीच संपलं असेल तर दाब फारसा नसतानाही कोरडं भांडं तापत राहतं आणि ती आच झाकणापर्यंत पोचते. दोन्ही वेळी ठिपका वितळतो, म्हणून वरून पाहता दोन्ही प्रसंग सारखेच वाटतात. धोका मात्र सारखा नाही. कोरड्या कुकरमधून थोडी वाफ आणि करपट वास येतो. वाट बंद झालेल्या कुकरमधून उकळतं वरण थेट छतापर्यंत जातं.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरना, म्हणजे प्रेस्टीजचे नेहमीचे असतात तशांना, तिसरीही वाट असते. झाकणाची कड खाली वळते तिथे एक लांबट खाच दिसेल. दाब फार वाढला तर रबर त्या खाचेतून बाहेर फुगतं आणि वाफ तिकडून निसटते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर, हॉकिन्सचा प्रकार, वेगळ्या रचनेचा: आतला दाबच झाकण वर दाबून धरतो, त्यामुळे दाब असताना ते खाली सरकवून काढताच येत नाही.

आधी बघा, मग पुसा

व्हॉल्व्ह उडाला की पहिला हात फडक्याकडे जातो. थोडं थांबा. कुकर पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढा आणि पुसापुशीच्या आधी तळ पाहा.

तळ कोरडाठक, काळपट-निळसर झालेला, डब्यांना खालून करपट वास, पण आतला वरण-भात बऱ्यापैकी जागच्या जागी: पाणी संपलं होतं.

तळात पाणी किंवा डाळीचं पाणी शिल्लक, झाकणाला आतून डाळीचा थर, ओट्यावर नि भिंतीवर शिंतोडे: शिट्टीची नळी तुंबली होती. हे दिसलं तर नळीत काय अडकलंय ते निघाल्याशिवाय कुकर गॅसवर ठेवू नये, दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही.

पाणी आहे, पदार्थ ठीक आहे, मधला ठिपका शाबूत आहे आणि व्हॉल्व्हच्या कडेने नुसती वाफ नि थेंब येत होते: हा उडालेला व्हॉल्व्ह नाहीच. तो ढिला बसलाय, नाहीतर त्याचा वॉशर गेलाय.

पाणी संपण्यामागे बहुतेक वेळा रबर असतं

‘मी तर दोन ग्लास पाणी घातलं होतं’ हे वाक्य इथे हमखास येतं आणि ते खरंही असतं. ते पाणी गेलं कुठे याचा ढोबळ हिशेब करा. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची उष्णता, वाया जाणारी सोडून, सुमारे 1 किलोवॉट कुकरला मिळते. उकळी आल्यानंतर एवढ्या आचेवर मिनिटाला साधारण 25 मिलिलिटर पाण्याची वाफ होते. दोन ग्लास, म्हणजे 400 मिलिलिटर, पाणी 16 मिनिटांत साफ. गॅस बारीक केला तर तेवढंच पाणी तास-सव्वा तास पुरतं.

आता यात थकलेलं रबर आणा. रबर कडक झालंय, झाकणाच्या कडेने वाफ निसटतेय. त्यामुळे आत पुरेसा दाब होत नाही, म्हणून शिट्टी होत नाही. शिट्टी होत नाही म्हणून गॅस मोठाच राहतो. तीन शिट्ट्या झाल्याशिवाय कुकर उतरवायचा नाही हे डोक्यात पक्कं असतं. वीस मिनिटांनी पाणी संपतं. आता वाफच होत नाही, म्हणजे शिट्टी होण्याची उरलीसुरली आशाही गेली, आणि खालून आच चालूच. शेवटी व्हॉल्व्ह वितळतो. घरात नवा व्हॉल्व्ह येतो, रबर तेच राहतं. व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उडण्याच्या तक्रारीमागे बहुतेक ठिकाणी हीच साखळी सापडते.

म्हणून मोठ्या आचेवर पंधरा मिनिटांत पहिली शिट्टी झाली नाही तर वाट बघू नका, गॅस बंद करा. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन-तीन डबे लावले तरी एवढ्या वेळात शिट्टी व्हायलाच हवी. दहा-बारा लिटरचा मोठा कुकर गच्च भरून लावला असेल तर थोडी मोकळीक द्या.

रबर तपासायचं ते थंड आणि कोरडं असताना. बोटांनी दुमडून बाहेरची कड बघा. बारीक चिरा दिसल्या तर ते गेलं. ताणून सोडल्यावर लगेच मूळ आकारात येत नसेल, टेबलावर ठेवल्यावर आठच्या आकड्यासारखं वाकडं राहत असेल, किंवा झाकणात बसवल्यावर सैल होऊन खाली लोंबत असेल तरी गेलं. रोज दोन वेळा कुकर लागणाऱ्या घरात रबर वर्षभरात बदलावं. विकत घेताना लिटर सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन मॉडेलना वेगवेगळी रबरं लागतात. जुनं रबर बरोबर न्या, नाहीतर झाकणाचा किंवा बुडाचा फोटो दाखवा.

रबर थंड पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवलं की आकसतं आणि एखाद-दुसऱ्या वेळेला झाकण घट्ट बसतं. पाहुणे दारात असतील तर चालेल. पण त्यानंतरचा आठवडाही तसाच काढला तर वरची साखळी सुरू झालीच म्हणून समजा. झाकणाच्या कडेला कणीक लावणं मात्र एकदाही करू नका: बाहेरच्या झाकणाच्या कुकरला ती कणीक त्या सुरक्षेच्या खाचेत जाऊन वाळते आणि आणीबाणीची वाट बंद होते.

नवं रबर लावूनही कडेने वाफ जात असेल तर कुकरच्या तोंडाची कड बघा. ढवळून झाल्यावर पळी कुकरच्या काठावर ठकठक आपटायची सवय पुष्कळ हातांना असते. ॲल्युमिनियमची कड त्याने हळूहळू चेपते. डोळ्याला दिसत नाही. बोट फिरवलं की एका जागी खळगा लागतो आणि वाफ बरोब्बर तिथूनच निघते. घरी हातोडीने ठोकून ही कड सरळ होत नाही, उलट शेजारी दुसरा खळगा पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. पळी आपटायची तर डब्याच्या झाकणावर आपटा.

झाकणाच्या दांड्याचा स्क्रू ढिला असेल तर बाहेरचं झाकण पूर्ण फिरत नाही, दोन्ही दांडे एकावर एक येत नाहीत आणि एका बाजूने गळती राहते. स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांचं काम आहे, पण महिनोन्‌महिने राहून जातं. ज्वाळा बुडाच्या बाहेर येत असेल तर दांडेही जळतात आणि रबरही लवकर वाळतं. दोन-तीन लिटरचा कुकर मोठ्या बर्नरवर ठेवायचाच असेल तर आच बुडाच्या आत राहील एवढीच ठेवा.

जास्त शिट्ट्या कराव्या लागणं

पाणी संपण्याचं आणखी एक कारण कुकरमध्ये नसतंच, डाळीत असतं. डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल तर डाळ चार शिट्ट्यांतही अख्खी राहते, म्हणून लोक आठ करतात, आणि तळातलं पाणी तेवढंच ठेवतात. जड पाण्यातला चुना डाळीची सालं आणि पेशी मऊ होऊ देत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचा आंबटपणाही तेच करतो. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर, आमटी उकळताना घालावं. पिण्याचं फिल्टरचं पाणी डब्यात वापरा, तळात बोअरचं घाला. तूरडाळ अर्धा तास भिजू द्या. एवढ्यानेच निम्म्या शिट्ट्या वाचतात.

मुळात शिट्ट्या मोजणं हे कच्चं माप आहे. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर चार शिट्ट्यांना अर्धा तासही लागेल. पहिली शिट्टी झाली म्हणजे आत पूर्ण दाब झाला. तिथून गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजवलेल्या तूरडाळीला 8 ते 10 मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना किंवा राजम्याला 20 मिनिटं. आत दाब आहे तोवर शिट्टी होवो न होवो, शिजणं चालूच असतं. शिट्टीतून मधूनमधून हलकी फुसफुस येत राहिली की आच बरोबर आहे. इंडक्शनवर पहिल्या शिट्टीनंतर वॉट कमी करायला विसरू नका. तिथे ज्वाळा दिसत नाही आणि पाणी गॅसपेक्षाही लवकर संपतं.

डबे लावताना पाच लिटरच्या कुकरला तळात दोन कप, म्हणजे 400 ते 500 मिलिलिटर, पाणी आणि जाळी. जाळी नसेल तर डबा तळाला चिकटून वाजत राहतो आणि खालचं पाणी नीट फिरत नाही. पाण्यात चिंचेचा बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकली की कुकर आतून काळा पडत नाही.

वाट कशी तुंबते

आता दुसरं कारण, जास्त धोक्याचं. शिट्टीखालची नळी आतून जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. मसुराचं एक साल, टोमॅटोची गुंडाळलेली साल, तमालपत्राचा तुकडा, भाताचं शीत, यातलं काहीही तिथे बसू शकतं. ते वर चढतं फेसाबरोबर. डाळ उकळताना तिच्यातली प्रथिनं आणि पिष्ट यांचा दाट फेस होतो; कुकर जास्त भरला असेल किंवा आच मोठी असेल तर हा फेस थेट नळीत जातो. शिट्टीतून पिवळं पाणी उडणं ही पहिली सूचना. पुष्कळजण शिट्टीवर फडकं टाकून ती सूचना झाकतात.

भरण्याची मर्यादा साधी आहे. कोणताही पदार्थ कुकरच्या दोन तृतीयांशावर नको. डाळी, कडधान्यं, भात यांसारखे फेसाळणारे आणि फुगणारे पदार्थ थेट कुकरमध्ये लावले तर निम्म्यावर नको, पाणी धरून. तीन लिटरच्या कुकरमध्ये एक कप डाळ आणि तीन कप पाणी आरामात बसतं. तेच दीड लिटरच्या कुकरमध्ये घातलं की भिंत रंगली. डाळीत अर्धा चमचा तेल टाकलं की फेस बसतो. पहिली उकळी झाकण न लावता येऊ द्यावी, वरचा फेस पळीने काढावा आणि मग झाकण लावावं, हे त्याहून खात्रीचं.

छोल्यांत खायचा सोडा घालून कुकर लावणं टाळा. सोड्याने फेस वाढतो, आणि त्यात आवळा, चहाची पुरचुंडी, टोमॅटो असं काही आंबट-तुरट पडलं की वायू सुटून तो आणखी उसळतो. रात्रभर भिजलेल्या छोल्यांना सोड्याची गरजच नसते.

डब्यांच्या कुकरमध्ये वेगळी गंमत होते. वरचा डबा झाकणाला टेकलेला असतो आणि त्यात काठोकाठ भात. तांदूळ शिजताना तिपटीच्या आसपास फुगतात, भात वर येतो आणि नळीच्या आतल्या तोंडावर बसतो. वरच्या डब्याच्या आणि झाकणाच्या मध्ये दोन बोटं जागा हवी. तांदूळ डब्याच्या पाव उंचीपर्यंतच भरा आणि डब्याला ताटली ठेवा. डाळीचा डबा नेहमी खाली, भाताचा वर.

नळी रोज बघायची, आणि ते काम पाच सेकंदांचं आहे. शिट्टी काढून झाकण उजेडासमोर धरा. नळीतून उजेडाचा गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे. अर्धवट दिसला तर आतल्या बाजूने बारीक तार किंवा सुई घाला आणि मग नळाच्या धारेखाली धरा. झाडूची काडी वापरू नका, ती आतच मोडते. जड पाण्यामुळे नळीत क्षाराचा पांढरा थर धरत असेल तर झाकणाचं रबर काढा, नळीचं तोंड बुडेल एवढ्या व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मग तार फिरवा. शिट्टीही सुटी काढून कोमट पाण्यात हलवा. तिच्या आतही डाळ वाळून बसते आणि मग ती अर्धवट उचलते.

ज्या कुकरची शिट्टी सुटी असते, त्यात जुन्या बायकांची एक पद्धत उत्तम आहे: झाकण लावायचं, शिट्टी लावायची नाही, नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मगच शिट्टी ठेवायची. यात नळी मोकळी असल्याची खात्री होते आणि आतली हवाही निघून जाते. पाच-सात मिनिटांत धार आलीच नाही तर नळी तुंबली आहे, नाहीतर कडेने गळती आहे. दोन्ही गोष्टी दाब होण्याआधीच कळल्या.

व्हॉल्व्ह बसवताना

वितळलेला व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. भोकात ॲल्युमिनियमची तार, खिळा, एम-सील, शिसं भरून ‘काम भागवणारे’ अजूनही भेटतात. असा कुकर पुढच्या वेळी नळी तुंबली की कुठून तरी फाटणारच, फक्त ती जागा आधी ठरलेली नसेल. ज्या कंपनीचा कुकर त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह घ्या. धातूचा ठिपका किती अंशांना वितळावा हे कुकरप्रमाणे ठरलेलं असतं, रस्त्यावरच्या सुट्या व्हॉल्व्हवर ते लिहिलेलं नसतं.

जुना काढल्यावर झाकणाच्या भोकाभोवती चुना, जळकी डाळ असेल तर लाकडी काडीने खरवडून कोरडं करा. वॉशर असेल तर नवा घ्या. हाताने सरळ आटे बसू द्या, मग पान्याने पाव फेरा. पकडीने पिळला तर षटकोनी डोकं झिजतं आणि पुढच्या वेळी निघत नाही; जोर जास्त लागला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा एखादं चिकट द्रव्य लावायची गरज नाही. गळत असेल तर वॉशर बघा.

शिट्टीचंही असंच. घरात दोन कुकर असतील तर शिट्ट्यांची अदलाबदल होते. शिट्टीचं वजन आणि नळीच्या भोकाचा आकार मिळून दाब ठरतो. एकाची शिट्टी दुसऱ्यावर ठेवली की तो 1 किलोचा हिशेब मोडला. शिट्टीवर चमचा, वाटी, जड काही ठेवून ‘दाब धरून ठेवणं’ तर सेफ्टी व्हॉल्व्हलाच आमंत्रण.

उडाला त्या क्षणी

व्हॉल्व्ह उडून धार सुरू झाली तर कुकर उचलायचा नाही, झाकणावर वाकायचं नाही. शेगडीच्या बटणापर्यंत हात वाफेत न जाता पोचत असेल तर तिथे, नाहीतर सिलिंडरच्या रेग्युलेटरवरून गॅस बंद करा आणि लांब उभे राहा. काही मिनिटांत आवाज बसतो. करपल्याचा वास असेल तर तापलेल्या कोरड्या कुकरमध्ये थंड पाणी ओतू नका, त्याची एकदम वाफ होऊन अंगावर येते. आपोआप गार होऊ द्या.

नळी तुंबल्याचा संशय असेल तर शिट्टी उचलून वाफ आली नाही यावरून दाब गेला असं समजू नये. तुंबलेल्या नळीतून वाफ येणारच नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर 1 किलो दाबाला तीनशे किलोंहून जास्त जोर असतो. बाहेरचं झाकण जबरदस्तीने फिरवलं तर हा जोर तोंडासमोर सुटतो. कुकर हाताला गार लागेपर्यंत थांबा. अर्धा तास गेला तरी चालेल, जेवण उशिरा होईल एवढंच.

याच्या उलटही होतं: कुकर पूर्ण गार झालाय आणि झाकण हलत नाही. तिथे दाब नसतो, उलट आतली वाफ आटून पोकळी झालेली असते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. शिट्टी उचला, ‘फुस्’ करून हवा आत गेली की झाकण सुटतं. तरी नाही सुटलं तर मिनिटभर बारीक गॅसवर ठेवा. सुरीने उचकटू नका, रबर कापलं जातं.

वाफेने हात भाजला तर बांगड्या-अंगठी लगेच काढा आणि नळाच्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही नको. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, मोठे फोड आले असतील, किंवा लहान मूल असेल तर थेट डॉक्टरकडे.

पाण्याची चाचणी

रबर, नळी, व्हॉल्व्ह असं काहीही बदललं की पहिल्यांदा अन्न लावू नका, नुसतं पाणी लावा.

1. पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्धा लिटर पाणी, डबे नाहीत, जाळी नाही. झाकण, रबर, शिट्टी नेहमीसारखी.
2. मोठ्या बर्नरवर ठेवा, वेळ बघून ठेवा. पाच ते आठ मिनिटांत पहिली शिट्टी झाली पाहिजे.
3. तोवर स्टीलचा थंड चमचा झाकणाच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर सगळीकडे फिरवा, हात लांब दांड्यावर ठेवून. जिथे चमच्यावर दव धरतं तिथे गळती. तसाच व्हॉल्व्हच्या भोवती.
4. शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं. नंतर गॅस बंद, आपोआप गार, मग उरलेलं पाणी मापा. 350 मिलिलिटरहून कमी उरलं तर वाफ अजून कुठून तरी निसटतेय.

एकाच जागी दव धरत असेल तर रबर उलटं करून, थोडं फिरवून पुन्हा बसवा आणि चाचणी परत करा. गळती रबराबरोबर सरकली तर दोष रबरात, तिथेच राहिली तर कडेत.

काही कुकर दुरुस्तीच्या पलीकडे असतात. कोरडा तापून बूड बाहेर फुगलेला आणि ओट्यावर डुगडुगणारा, व्हॉल्व्हच्या किंवा नळीच्या भोकापाशी चीर गेलेला, बाहेरच्या झाकणाला अडकवणारे दात झिजून झाकण दांड्यांच्या पुढे सरकणारा, आत खोल खड्डे पडलेला: हे मोडीत द्या, कामवाल्या बाईंना किंवा गावाकडे ‘चालेल अजून’ म्हणून देऊ नका. नवा घेताना बुडावर किंवा अंगावर आयएसआय चिन्ह, आयएस 2347 (हे कुकरसाठीचं भारतीय मानक) आणि सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा क्रमांक, बघा. भारतात 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरना हे चिन्ह सक्तीचं आहे, आणि ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून खरा की खोटा ते दुकानातच बघता येतं. कुकर घेतानाच त्याचं एक जादा रबर आणि एक व्हॉल्व्ह घेऊन ठेवा. चार वर्षांनी तेच मॉडेल बंद झालेलं असतं आणि मग मापाचं रबर मिळवायला बाजार पालथा घालावा लागतो.